पीडीएफ उघडते, पण वाचता येत नाही : ऑनलाइन शिक्षण आणि दिव्यांग विद्यार्थी

सातारा-सांगलीतल्या बहुतेक कॉलेजांचा कारभार आता मोबाइलवर आला आहे. प्रवेशाचा फॉर्म पोर्टलवर भरायचा, हॉल तिकीट तिथूनच काढायचे, नोट्स गूगल क्लासरूममध्ये नाहीतर मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवर बघायच्या, असाइनमेंटही तिथेच जमा करायची. केंद्राच्या 'स्वयम्' या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या व्यासपीठावरून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) मिळवण्याची मुभा यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२१ मध्ये दिली. एखाद्या अंध, अल्पदृष्टी किंवा कर्णबधिर मुलाने किंवा माउस धरता न येणाऱ्या मुलीने यातून शिकायचे कसे, असे विचारले की बहुतेक वेळा सॉफ्टवेअरकडे बोट दाखवले जाते. नवे पोर्टल आले की होईल, असे सांगतात. मला हे पटत नाही. खरी अडचण पोर्टलमध्ये आपण जे भरतो त्यात आहे, आणि तिची मुळे कोविडच्या बरीच मागे जातात.

शिक्षण गरिबाच्या दारापर्यंत नेण्याची या भागाची परंपरा मोठी. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणून वसतिगृह काढले. नुसती शाळा असून भागत नाही, खेड्यातल्या पोराला शाळेजवळ राहायची-जेवायची सोय लागते, हे त्यांनी ओळखले होते. सांगलीचे विलिंग्डन कॉलेजही १९१९ चेच. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांचा पुण्याशी असलेला संबंध सुटला. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले, तेव्हा नोकरी-शेती-घर सांभाळून पदवी घेता येऊ लागली. या सगळ्या विस्तारात अडथळा मोजला तो किलोमीटरमध्ये आणि रुपयांमध्ये. पुस्तक हातात असूनही ज्याला ते वाचता येत नाही, त्याचा हिशोब यात कुठे धरलेला नव्हता.

भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, भारती ब्रेल, १९५१ मध्ये ठरली. विशेष शाळांमधून मुले ब्रेलवर शिकत, पण कॉलेजात आल्यावर मराठी संदर्भग्रंथ ब्रेलमध्ये मिळणे जवळपास अशक्य. मग कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवणार, ते कॅसेटवर घ्यायचे, परीक्षेला लेखनिक शोधायचा. बहीण, खोलीतला मित्र, शेजारची काकू यांना वेळ असेल तेव्हा अभ्यास. लेखनिक आणि जादा वेळ यांबाबत केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने देशभरासाठी एकसारख्या मार्गदर्शक सूचना काढायला २०१३ उजाडले. तासाला किमान २० मिनिटे वाढीव, हे तेव्हा स्पष्ट झाले. तोपर्यंत प्रत्येक ठिकाणचा रिवाज वेगळा होता.

संगणक बोलू लागला आणि हे परावलंबन संपण्याची खरी शक्यता निर्माण झाली. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा 'जॉज' हा स्क्रीन रीडर १९८९ चा, पण त्याची किंमत आपल्याकडच्या विद्यार्थ्याला परवडणारी नव्हती. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने 'एनव्हीडीए' लिहायला घेतला आणि तो मोफत ठेवला. तो आज मराठीही वाचतो. दरम्यान वेबचे नियम ठरवणाऱ्या जागतिक संघटनेने सुगम संकेतस्थळांचे पहिले निकष मे १९९९ मध्ये जाहीर केले, दुसरी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आणली. चित्राला शब्दांत वर्णन द्या, सगळे कीबोर्डने चालले पाहिजे, व्हिडिओत बोललेले शब्द खाली लिहून दाखवणारे मथळे हवेत, रंगावर अर्थ सोडू नका, अशा साध्या आणि तपासता येतील अशा या गोष्टी आहेत. मूडल २००२ मध्ये आले. ते घडवणारे मार्टिन डुगिअमस लहानपणी ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटी भागात रेडिओवरून शाळा शिकले होते. मूडलची आजची आवृत्ती स्क्रीन रीडरने बऱ्यापैकी वापरता येते. म्हणजे आपल्या कॉलेजांनी हे व्यासपीठ उचलले तेव्हा त्याला वाचा फुटलेली होती.

मग अडले कुठे? मराठी नोट्समध्ये. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शिकेत तो सापडत नाही.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे डीटीपी सेंटरे सुरू झाली, तेव्हा मराठी टायपिंग म्हणजे श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे फाँट. या फाँटांनी केलेली युक्ती अशी, की इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात साठतात ती ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरे. डोळ्यांना मराठी दिसते, छपाई सुरेख होते. स्क्रीन रीडरला मात्र चित्र दिसत नाही, तो साठवलेली अक्षरेच वाचतो. मराठी व्याकरणाच्या किंवा ग्रामीण अर्थशास्त्राच्या प्रकरणातून त्याला इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गोंधळ ऐकू येतो. प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या युनिकोड या जागतिक पद्धतीत देवनागरीला १९९१ पासून जागा होती, विंडोज २००० पासून संगणकातही सोय होती. पण छापखान्यांतले पाने जुळवायचे पेजमेकर हे सॉफ्टवेअर युनिकोड मराठी नीट घेत नव्हते, ऑपरेटरच्या बोटांना जुना कीबोर्ड बसलेला होता, आणि प्राध्यापकांकडे पंधरा-वीस वर्षांच्या नोट्स त्याच फाँटमध्ये पडून होत्या. कुणी वाईट हेतूने काही केले नाही. कागदावर छापायचे म्हणून केलेली सोय पुढे जशीच्या तशी ऑनलाइन चढवली गेली, इतकेच.

त्यावर दुसरी सवय चढली, स्कॅनची. फाँट उघडत नाही म्हणून प्रिंट काढायची, तिचा मोबाइलवर फोटो घ्यायचा आणि त्याची पीडीएफ करून ग्रुपवर टाकायची. अशी पीडीएफ म्हणजे पानाचे छायाचित्र, तिच्यात वाचण्याजोगे एक अक्षरही नसते. स्क्रीन रीडर 'कोरे पान' सांगून थांबतो. आज मराठीचे ओसीआर, म्हणजे छायाचित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणारे तंत्र, बरेच सुधारले आहे आणि कितीतरी अंध मुले स्वतःच फोटोचा मजकूर करून घेतात. पण तिरका फोटो, पानाच्या घडीत गेलेल्या ओळी, कोष्टके आणि जोडाक्षरे इथे ते घसरते. परीक्षेच्या आदल्या रात्री हे करत बसणे म्हणजे इतरांनी एकदा वाचायचे ते याने आधी दुरुस्त करून मग वाचायचे. नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून वर्ड फाइल टाकली, तर यातले काहीच करावे लागत नाही. यापेक्षा स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

कायदा या सगळ्याच्या मागे राहिला नाही, उलट पुढे होता. १९९५ च्या दिव्यांगविषयक कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व धरले होते. भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला आणि त्यानुसार २०१६ चा नवा कायदा झाला. त्यात २१ प्रकार आले. सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी किमान पाच टक्के जागा राखीव झाल्या. याच कायद्यात पुस्तके आणि साहाय्यक साधने मोफत देण्याची तरतूद आहे, पण वयाच्या अठराव्या वर्षापर्यंतच. म्हणजे एफवायला बसताना जागा मिळते आणि पुस्तकांचा आधार सुटतो. ही फट मला सर्वात जास्त खुपते.

कायद्याखालचे नियम जून २०१७ मध्ये आले. पंधराव्या नियमात स्पष्ट लिहिले होते की संकेतस्थळे सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनुसार हवीत आणि त्यांवरची कागदपत्रे ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात किंवा ओसीआर झालेल्या पीडीएफमध्येच हवीत. सेवा देणाऱ्यांना त्यासाठी दोन वर्षांची मुदत होती. जून २०१९ मध्ये ती संपली. त्यानंतर नऊ महिन्यांनी टाळेबंदी लागली आणि सगळे शिक्षण पडद्यावर गेले.

२०२० च्या त्या घाईत प्राध्यापकांनी जिवाचे रान केले, हे नाकारता येणार नाही. पाटण-जावळीच्या डोंगरात रेंज नाही, घरात एकच फोन, अशा अवस्थेत मुलांपर्यंत पोहोचणे हेच मोठे काम होते. पण फळ्यावर लिहीत, पाठमोरे बोलत केलेल्या व्हिडिओत ओठ दिसत नाहीत, मथळे नाहीत. कर्णबधिर मुलाच्या हाती काय लागणार? ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याचा यूजीसीचा आग्रह ग्राह्य धरला आणि राज्यात बहुपर्यायी ऑनलाइन परीक्षांचा धडाका सुरू झाला. जादा वेळ आता पर्यवेक्षकाच्या हातात राहिला नव्हता. तो सॉफ्टवेअरमध्ये आधी भरून ठेवावा लागतो. भरला नसेल तर घड्याळ शून्यावर आले की पेपर आपोआप जमा. कॅप्चा चित्राचा, आकृत्यांना वर्णन नाही, कॅमेरा सतत सुरू आणि शेजारी लेखनिक बसला की प्रणालीला तो कॉपीचा संशय वाटणार. दिल्ली विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षेबाबत दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा प्रश्न त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपल्या जिल्ह्यांतल्या बहुतेकांनी एवढा खटाटोप केला नाही, कुणाला तरी शेजारी बसवून पेपर दिला आणि विषय संपवला.

त्यानंतर यूजीसीने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगमतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही आले. पण मोठा फरक पडला तो न्यायालयांमुळे. राजीव रतूरी यांच्या याचिकेत ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पंधराव्या नियमात सक्ती नाही, नुसत्या शिफारशी आहेत आणि त्यामुळे तो मूळ कायद्याशी विसंगत आहे. सरकारने तीन महिन्यांत सक्तीचे किमान निकष ठरवावेत. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरला. तो खटला बँकांच्या ई-केवायसीचा, म्हणजे ग्राहकाची ओळख ऑनलाइन पटवण्याचा होता, पण त्यातले तत्त्व कॉलेजच्या पोर्टललाही लागू पडते.

ग्रंथपालांच्या एका भीतीबद्दलही लिहायला हवे. पुस्तक स्कॅन करून दिले तर कॉपीराइटचा भंग होईल, असे अनेकांना वाटते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर छापील मजकूर वाचता न येणाऱ्यांसाठी सुगम प्रत करायला कायद्यानेच परवानगी दिली आहे. अशा सुगम प्रतींसाठीचा मराकेश हा आंतरराष्ट्रीय करार सर्वात आधी, २०१४ मध्ये मान्य करणारा देश भारतच. २०१६ पासून 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालयही चालू आहे.

तक्रार कुठे करायची, हेही याच इतिहासात ठरलेले आहे. २०१६ च्या कायद्यानुसार प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचे असते. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, आणि कायद्याच्या व्याख्येत अनुदानित संस्थाही सरकारी आस्थापनेतच मोडतात. त्या अधिकाऱ्याने तक्रार नोंदवून दोन आठवड्यांत तिची चौकशी करायची असते, पण कायद्यातली ही तरतूद नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारींसाठी आहे. विद्यार्थ्याला आपल्या हक्काच्या तक्रारीसाठी राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाता येते. अर्ज साधा असतो: विषयाचे नाव, कोणत्या तारखेला कोणती फाइल मिळाली, ती कोणत्या स्क्रीन रीडरवर वाचता आली नाही, आणि तीच फाइल युनिकोडमध्ये हवी ही मागणी.