कोरड्या नाकासाठी हायलुरॉनिक आम्ल

विदर्भातील खेड्यांत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा घोळणा फुटण्याची तक्रार घरोघरी ऐकू येते. तूर-हरभऱ्याच्या मळणीवर किंवा जिनिंगमध्ये राबणाऱ्यांच्या नाकात तर धुळीची भर त्याआधीच पडलेली असते. नाकाच्या अस्तरावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो आणि अस्तरावरील सूक्ष्म केसांसारखे तंतू त्यात अडकलेली धूळ घशाकडे ढकलत राहतात. हा थर सुकला की तंतूंचे काम मंदावते, खपल्या धरतात आणि त्या काढताना रक्त येते.

अशा अस्तराला ओलावा देण्यासाठी वापरले जाणारे हायलुरॉनिक आम्ल कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळे केले. दोन शर्करा-घटकांची जोडी हजारो वेळा गुंफून तयार झालेली ही लांब साखळी आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि नाकाच्या अस्तरातही असते, आणि ती पाणी धरून ठेवते. पूर्वी ते कोंबड्याच्या तुऱ्यापासून काढत. आता बरेचसे जिवाणूंच्या साहाय्याने बनते. साखळीची लांबी मात्र महत्त्वाची आहे, कारण लांब साखळ्या दाह शमवतात, तर तुटलेले छोटे तुकडे तो वाढवू शकतात.

दुर्बिणीद्वारे सायनसची (नाकाभोवतीच्या हाडांतील पोकळ्यांची) शस्त्रक्रिया झाल्यावर हायलुरॉनिक आम्लाचा सोडियम क्षार फवाऱ्यातून किंवा सलाईनमध्ये मिसळून नेब्युलायझरने दिला जातो. त्यामुळे खपल्या कमी होतात आणि जखमेच्या बाजू एकमेकींना कमी चिकटतात, असे अनेक चाचण्यांत आढळले. पण त्यांतील बऱ्याच चाचण्या लहान आहेत, आणि नाकातील कोंब (अस्तराच्या मऊ गाठी, म्हणजे पॉलिप) त्याने विरघळत नाहीत. त्यांच्यासाठी स्टिरॉइडचा फवारा हाच मुख्य उपचार राहतो, त्यामुळे हे औषध जोडीला द्यायचे आहे, असेच मी मानेन.

साध्या कोरडेपणासाठी मात्र खर्चिक फवाऱ्याआधी मिठाच्या पाण्याने नाक धुऊन पाहावे. एक लिटर पाण्यात साधारण ९ ग्रॅम मीठ पुरते, परंतु पाणी उकळून थंड केलेलेच हवे, कारण विहिरीच्या किंवा बोअरच्या कच्च्या पाण्यातून मेंदूला घातक अमीबा नाकावाटे शिरू शकतो. नाक मोकळे करणारे थेंब आठवड्याहून अधिक काळ घातल्यास नाक उलट अधिक चोंदते. नाकातून दुर्गंधी येत असेल, जी पुष्कळदा रुग्णाला स्वतःला जाणवतच नाही, तर यांपैकी कशावरही विसंबू नये. अशा नाकात माश्या अंडी घालून अळ्या होऊ शकतात, म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेले रुग्णालय त्याच दिवशी गाठावे.