मिक्सरची जाहिरात आणि मतांची जाहिरात
मी एका साइटवर मिक्सर बघितला, घेतला नाही, तर पंधरा दिवस तो मिक्सर माझ्या मागेच लागला, बातम्या वाचताना, क्रिकेटचा स्कोअर बघताना, सगळीकडे. दुकानातून घेतला तरी दिसतोच, इतकी यांची हुशारी! याला रिटार्गेटिंग म्हणतात, साइट ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तुम्हाला ओळखायची एक छोटी फाईल, ठेवते, बाकी फोन चोरून ऐकतोय वगैरे मानायची गरज नाही.

लोक म्हणतात इलेक्शनमध्ये पण हेच चालतं, त्यात काय. यंत्र तेच, मान्य. निवडणूक प्रचारासाठी लोकांचा डेटा वापरणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिका या कंपनीचं प्रकरण मार्च 2018 मध्ये फुटलं तेव्हा कळलं की फेसबुकवरच्या एका पर्सनॅलिटी क्विझमधून, क्विझ देणाऱ्यांचाच नाही तर त्यांच्या मित्रांचाही डेटा उचलला गेला. भारतात ते अ‍ॅप फक्त 335 जणांनी घेतलं होतं, तरी फेसबुकच्याच अंदाजाने इथल्या साधारण 5 लाख 62 हजार जणांचा डेटा गेला असू शकतो. त्यातून खरंच किती मतं फिरली? मला तरी वाटतं कंपनीने स्वतःची टिमकी जरा जास्तच वाजवली.

फरक दुसरीकडेच आहे. जाहिरात कशीही करा, मिक्सर मला आणि शेजारणीला सेमच येतो, नाही आवडला तर परत करता येतो. प्रचारात मालच प्रत्येकाला वेगळा दाखवतात. आमच्याच घरात एकाच पक्षाची मला नोकऱ्यांची जाहिरात, आईला तीर्थयात्रेची आणि मामांना 'त्या लोकांपासून सावध' छापाची. मामांची ती मला त्यांचा फोन चार्जिंगला लावताना दिसली, नाहीतर कळलंही नसतं. शिवाजी पार्कच्या सभेत असं तीन तोंडांनी बोलता येत नाही, सगळे समोरच बसलेले असतात, विरोधक दुसऱ्या दिवशी सालं काढतात.

अजून एक, मिक्सरवाला कधी म्हणत नाही की काहीच घेऊ नका, घरी बसा. 2016 च्या अमेरिकेतल्या निवडणुकीत मात्र ट्रम्प यांच्या टीममधल्या एका वरिष्ठानेच पत्रकारांना सांगितलं होतं की त्यांच्या विरोधातल्या हिलरी क्लिंटन यांच्या संभाव्य मतदारांनी मतदानालाच जाऊ नये म्हणून तीन मोहिमा चालू आहेत, त्यातली एक कृष्णवर्णीय मतदारांसाठी.

फेसबुकच्या अ‍ॅड लायब्ररीत, म्हणजे जाहिरातींच्या सगळ्यांना खुल्या संग्रहात, पक्षाचं नाव टाकलं की कुठली जाहिरात कुठल्या वयाच्या लोकांना दिसली ते कळतं. मामांची तिथे सापडली, बघणारे बहुतेक 55 च्या वरचे पुरुष. तोवर मामांनी तिचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकलाही होता, वरचं जाहिरातीचं लेबल क्रॉप करून.