इंग्रजीत दोन प्रिपोझिशन शेजारी-शेजारी चालत नाहीत?

'इंग्रजीत दोन प्रिपोझिशन (नामाआधी येणारे 'टू', 'फ्रॉम'सारखे शब्द) लागोपाठ आले की वाक्य चुकले, त्यातला एक खोडून टाका' हा नियम वर्षानुवर्षे फॉरवर्ड होत आला आहे. तो खरा नाही.

'शी वेंट बॅक टू द हाउस' घ्या. 'बॅक' हे क्रियाविशेषण आहे, ते जाण्याची दिशा सांगते. 'टू' मात्र प्रिपोझिशन, त्याला पुढे नाम हवेच. पडताळून पाहा. 'टू द हाउस' झाकले तरी 'शी वेंट बॅक' हे पूर्ण वाक्य उरते. उलट 'बॅक' आणि 'द हाउस' काढले, तर 'शी वेंट टू' अर्धवट लटकते. 'रॅन अवे फ्रॉम'लाही हीच कसोटी लावता येते.

'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. इथे तिन्ही शब्दांचा मिळून एकच अर्थ होतो, म्हणून ही कसोटी चालत नाही. शब्दकोशात 'पुट'खाली पाहावे. 'फ्रॉम अंडर द टेबल'मध्ये तर खरोखर दोन प्रिपोझिशन आहेत, तरी ते शुद्धच आहे.

गोंधळ होणे स्वाभाविक आहे, कारण 'अप', 'डाउन', 'इन' हे शब्द क्रियाविशेषण आणि प्रिपोझिशन अशी दोन्ही कामे करतात. 'डिस्कस अबाउट' चुकते ते निराळ्या कारणाने: 'डिस्कस'ला थेट कर्म लागते.