जय कृष्ण

जय कृष्ण (१९१२–१९९९) : भारतात भूकंप अभियांत्रिकीच्या अध्यापनाचा व संशोधनाचा पाया घालणारे स्थापत्य अभियंते. जन्म उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगरचा. रुडकीच्या थॉमसन महाविद्यालयातून ते १९३५ मध्ये अभियंता झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली (१९५४) तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती. ज्या विषयाने त्यांचे नाव झाले त्याकडे ते त्यानंतर वळले.

बिहार (१९३४), क्वेट्टा (१९३५), आसाम (१९५०) असे भीषण भूकंप देशाने सोसले होते, तरी अभियंत्यांच्या अभ्यासक्रमात भूकंपाला फारशी जागा नव्हती. कॅलिफोर्निया तंत्रज्ञान संस्थेतील जॉर्ज हाउसनर व डोनाल्ड हडसन यांच्याशी जय कृष्ण यांचा संपर्क आला, हडसन रुडकीला येऊन गेले, आणि १९६० मध्ये तिथे भूकंप अभियांत्रिकीची स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण शाळा उभी राहिली. तिचे पहिले संचालक जय कृष्णच. परदेशी उपकरणे परवडण्यासारखी नसल्याने या शाळेने जमिनीचे हादरे नोंदवणारी साधी, स्वस्त यंत्रे स्वतःच बनवली.

या विद्याशाखेची खरी कसोटी लागली ती महाराष्ट्रात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयना धरणाजवळच्या कोयनानगरला भूकंपाचा हादरा बसला. द्वीपकल्पीय पठार भूकंपदृष्ट्या स्थिर, हे तेव्हाचे गृहीतक. भूकंपरोधक बांधकामाच्या आदल्याच वर्षीच्या भारतीय मानकाच्या नकाशात हा भाग ‘शून्य’, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या, विभागात होता. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी गुरुत्वत्वरणाच्या (खाली पडणाऱ्या वस्तूच्या वेगवाढीच्या) ५ टक्के, म्हणजेच धरणाच्या वजनाच्या ५ टक्के, इतके स्थिर आडवे बल धरले होते. धरणाच्या पायातील बोगद्यात बसवलेल्या त्वरणलेखकाने (हादऱ्याचे त्वरण नोंदवणाऱ्या यंत्राने) मात्र धरणाच्या अक्षाच्या दिशेने ०.६३ व प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट गुरुत्वत्वरण नोंदवले. आराखड्यातले स्थिर बल आणि क्षणभराचे शिखर त्वरण यांची सरळ तुलना करता येत नाही, हे खरे. तरीही तफावत डोळ्यांत भरणारी आहे. जय कृष्ण आणि त्यांचे सहकारी चंद्रशेखरन व सैनी यांनी या आलेखाचे विश्लेषण १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. धरण टिकले, पण उंच खंडांना वरच्या भागात, जिथे उताराची रेषा एकदम बदलते तिथे, आडव्या भेगा पडल्या. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठातले अनिल चोप्रा व चक्रवर्ती यांच्या गतिकीय (क्षणोक्षणी बदलणारा हादरा विचारात घेणाऱ्या) गणितानेही ताण नेमका तिथेच एकवटत असल्याचे दाखवले. स्थिर बलाच्या जुन्या पद्धतीत हे दिसतच नव्हते. १९७० च्या सुधारित मानकातून ‘शून्य’ विभाग गेला.

धरणांमुळे नाव झाले, तरी त्यांचे अधिक दूरगामी काम साध्या विटांच्या घरांवरचे म्हणावे लागेल. भिंतीच्या कोपऱ्यांत आणि दारे-खिडक्यांच्या बाजूंना उभ्या सळ्या, लिंटेलच्या (दार-खिडकीवरच्या आडव्या तुळईच्या) पातळीवर घराभोवती फिरणारा आर.सी.सी. पट्टा : गवंड्याला जमेल असा हा उपाय त्यांनी प्रयोगांतून मांडला.

शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार (१९६६), पद्मभूषण (१९७२), रुडकी विद्यापीठाचे कुलगुरुपद (१९७१–७७), आंतरराष्ट्रीय भूकंप अभियांत्रिकी संघटनेचे अध्यक्षपद (१९७७–८०) आणि भारतीय राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीचे पहिले अध्यक्षपद असे मानसन्मान त्यांना मिळाले. घरांचे काम रुडकीतीलच आनंद स्वरूप आर्य यांनी पुढे नेले. १९९३ मध्ये किल्लारीत दगड-मातीच्या जाड भिंती कोसळल्या. त्यांत असे पट्टे नव्हते, आणि तो भागही तोवर नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता.