वरचा बाण काय लक्षात ठेवतो?

पायथन (ही प्रोग्रामिंगची एक भाषा) उघडून एक ओळ लिहिली: पगार = २००००. पुढची ओळ: पगार = पगार + २०००. पडद्यावर काहीच उमटलं नाही (अशा ओळीनंतर पायथन गप्पच बसतो), म्हणून शंका आली आणि कीबोर्डवरचा वरचा बाण दाबून (त्याने मागची ओळ परत येते) तीच ओळ पुन्हा चालवली. पगार किती झाला ते विचारलं, तर २४०००. न मागता दुसरी पगारवाढ!

वरचा बाण जपतो ती फक्त टाइप केलेली अक्षरं. ती चालल्यावर आत काय बदललं, याची नोंद त्याच्याकडे नसते. पाककृतीच्या वहीत 'चमचाभर मीठ घाला' असं लिहिलेलं असतं. आमटीत मीठ आधीच पडलंय का, हे वहीला कुठून कळणार?

गंमत म्हणजे ही अडचण फार पूर्वीच ओळखली गेली होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला वॉरन टाइटलमन यांनी लिस्प भाषेसाठी 'प्रोग्रामर्स असिस्टंट' तयार केला. त्यात जुनी आज्ञा पुन्हा चालवायला 'रीडू' होतं, दुरुस्त करून चालवायला 'फिक्स' होतं आणि परिणाम मागे घ्यायला 'अनडू'. त्यासाठी बदलाआधीच्या किमती साठवून ठेवल्या जात. पगार चुकून दोनदा वाढला असता, तर तिथे एकदा 'अनडू' म्हटलं की काम भागलं असतं.

आपल्या वाट्याला मात्र यातलं अर्धंच आलं: पुन्हा चालवणं आलं, मागे घेणं नाही. त्याच दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी युनिक्स या कार्यप्रणालीसाठी सी-शेल लिहिला (शेल म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम). त्यात दोन उद्गारचिन्हं (!!) म्हणजे मागची आज्ञा पुन्हा. बाणाऐवजी चिन्हं का? कारण सगळ्या टर्मिनलना (संगणकाशी जोडलेल्या, टाइप करायच्या यंत्रांना) पडदा नव्हता. काही थेट कागदावर छापत, आणि छापलेल्या ओळीत मागे जाऊन खाडाखोड कशी करणार? !! अजूनही बॅश या आजच्या शेलमध्ये चालतं. बाणांनी मागे जाणं आणि ओळीतच दुरुस्ती करणं हे काम बॅशमध्ये 'रीडलाइन' नावाची लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड) करते. कंट्रोल आणि आर एकत्र दाबून जुन्या आज्ञेतले दोन-चार शब्द टाइप केले की ती सापडते. माझ्या मते बाणापेक्षा हीच सोय मोलाची. वीस वेळा बाण दाबत बसणाऱ्यांची मला दया येते. बॅश हा आज्ञांचा इतिहास बाहेर पडताना फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून आज्ञेच्या ओळीतच पासवर्ड टाइप केला तर तोही तिथे जाऊन बसतो.

२००१ मध्ये फर्नांडो पेरेझ या भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने आयपायथन सुरू केलं, म्हणजे पायथनच्या आज्ञा टाइप करून चालवायची जास्त सोयीची जागा. त्यात प्रत्येक आज्ञेला क्रमांक मिळतो आणि पडद्यावर आलेलं उत्तरही त्याच क्रमांकाखाली जपलं जातं. पाचवं उत्तर नंतर हवं असेल, तर ती आज्ञा पुन्हा चालवायची गरज नाही, नुसतं मागायचं. टाइटलमन यांच्या कल्पनेच्या आपण थोडे जवळ आलो, असं वाटतं.

पण इथेही मेख आहे. जपलं जातं ते उत्तराचं छायाचित्र नव्हे, खुद्द ती वस्तू. पाचव्या आज्ञेने दोन नावांची यादी दाखवली आणि सहाव्या आज्ञेने त्याच यादीत तिसरं नाव घातलं, तर पाचवं उत्तर पुन्हा मागितल्यावर तीन नावं येतात. वर, पडद्यावर मात्र दोनच दिसत असतात.