संशोधनाचं कॉमिक म्हणजे पोरखेळ नव्हे

कॉमिकमध्ये आणलं की संशोधन पातळ होतं, विद्यापीठं त्याला विचारत नाहीत, असा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो साफ चुकीचा आहे. निक सुसॅनिस यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अख्खा प्रबंधच कॉमिकरूपात लिहिला. २०१५ मध्ये हार्वर्डच्या प्रकाशनसंस्थेने तो छापला, संदर्भ-टिपांसकट.

मला त्याहून मोलाचं वाटतं २०१७ चं ‘लिसा’ हे कॉमिक. इजिप्तमधलं किडनीरोपण आणि अमेरिकेतली स्तनकर्करोगाची जनुकीय चाचणी, असे दोन संशोधिकांचे दोन स्वतंत्र अभ्यास त्यात दोन मैत्रिणींच्या गोष्टीत गुंफलेत. लैलाचे वडील किडनीरोपणाला तयार नाहीत. कर्करोगाने आई गमावलेल्या ॲनाला स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घ्यायचाय. हा पेच शोधनिबंधात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरला असता. इथे तो एकाच पानावर समोरासमोर येतो.