मिरजेचा रिपोर्ट, साताऱ्याचे डॉक्टर आणि 17 ने भागल्यावरची बाकी

साताऱ्यापासून जतपर्यंत कुठेही विचारा, आभा कार्डाबद्दल दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, ते काढलं की पाच लाखांपर्यंतचे उपचार फुकट. दोन, ते काढलं की आपल्या सगळ्या आजारांची माहिती दिल्लीतल्या एका कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसते. दोन्ही चूक. पाच लाखांचं ते आयुष्मान कार्ड, ती योजनाच वेगळी. आभा हा नुसता 14 अंकी आरोग्य क्रमांक, आणि तो काढणं ऐच्छिक आहे. दुसरा गैरसमज मात्र जास्त मजेशीर, कारण त्याच्या उत्तरात गणित आहे.

आभा ज्याचा भाग आहे, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालं. त्याची रचना अशी, की नोंदी जिथे तयार होतात तिथेच राहतात. मिरजेत काढलेल्या एमआरआयचा रिपोर्ट मिरजेच्या हॉस्पिटलकडेच. मधल्या यंत्रणेला फक्त एवढं ठाऊक, की या क्रमांकाच्या माणसाची नोंद अमुक ठिकाणी आहे. आता तोच पेशंट साताऱ्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी रिपोर्ट मागितला की पेशंटच्या मोबाइलवर विचारणा येते: कुठली कागदपत्रं, कुठल्या काळातली, कशासाठी, कधीपर्यंत. त्याने होकार दिला की रिपोर्ट मिरजेहून निघतो, कुलूपबंद होऊन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात.

पण किल्लीचं, म्हणजे ते कुलूप उघडणाऱ्या गुप्त आकड्याचं काय? मिरज आणि सातारा यांची आधीची ओळख नाही. किल्ली त्याच वाटेने धाडली तर मधला कुणीही ती उचलेल. 1976 मध्ये व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी यावर तोड प्रसिद्ध केली: किल्ली पाठवायचीच नाही, दोघांनी आपापल्या जागी बसून एकच किल्ली तयार करायची.

कागद-पेन घ्या. दोन आकडे जगजाहीर: 3 आणि 17. मिरज मनात 6 धरते. 3 चा सहावा घात 729, त्याला 17 ने भागून बाकी 15. हे 15 मिरज साताऱ्याला उघड कळवते. सातारा मनात 7 धरतो. 3 चा सातवा घात 2,187, बाकी 11. तेही उघड. आता मिरज आलेल्या 11 चा सहावा घात घेते: 17,71,561, बाकी 8. सातारा 15 चा सातवा घात घेतो: 17,08,59,375, बाकी 8. दोघांच्या हाती 8 आला, आणि 8 हा आकडा वाटेने गेलाच नाही! कारण दोघांनीही शेवटी 3 चा बेचाळिसावा घातच काढला. एकाने आधी सात मग सहा, दुसऱ्याने आधी सहा मग सात. चोरून ऐकणाऱ्याला मिळालं 3, 17, 15 आणि 11. 15 वरून 6 शोधायला त्याला एकेक घात तपासत बसावं लागणार.

17 असेल तर ते मिनिटाभराचं काम. म्हणून मिशनच्या देवाणघेवाणीत 17 च्या जागी 2 चा 255 वा घात वजा 19 ही 77 अंकी मूळ संख्या असते, आणि घातांऐवजी एका वक्ररेषेवरच्या बिंदूंची बेरीज. दोन बिंदूंतून रेषा ओढायची, ती वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते, तो बिंदू आडव्या अक्षाच्या पलीकडे उलटा करायचा, झाली बेरीज. एका बिंदूची अशी बेरीज किती वेळा केली हे उत्तरावरून ओळखण्याची जलद रीत आजच्या कॉम्प्युटरकडे नाही. आरोग्यावरच्या प्रत्येक भाषणात हल्ली एआय आणि ब्लॉकचेनचा जप होतो. इथे राबतंय ते जवळपास पन्नास वर्षांपूर्वीचं बाकी काढण्याचं गणित.

अर्थात नोंदणीच्या खिडकीवर आजी ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतात, किंवा आधारला जोडलेला मोबाइल पुण्यातल्या मुलाच्या खिशात असतो आणि होकार तोच देतो. याला डिफी-हेलमनकडे इलाज नाही.

सगळ्यांच्या नोंदी अशा जोडणं राज्य सरकारला एकट्याने जमणारंही नाही. सरकारी दवाखाना आदेशाने जोडता येतो. मिरज-सांगलीत मात्र खासगी डॉक्टर, ट्रस्टची हॉस्पिटलं, गल्लीतल्या लॅब आणि त्यांना सॉफ्टवेअर पुरवणारे असे सगळेच लागतात. शिवाय मिरजेला पेशंट कर्नाटकातूनही येतात. नोंदी जोडणाऱ्यांना केंद्राने 2023 मध्ये प्रोत्साहन रक्कम सुरू केली. माझ्या मते खरी गाठ लॅबमध्ये आहे. उपाशीपोटीच्या साखरेला एक लॅब बीएसएल फास्टिंग लिहिते, दुसरी एफबीएस, तिसरी नुसतं शुगर. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला नाही. त्यासाठी लॉइंक नावाचे जागतिक संकेतांक आहेत. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणाऱ्या एचबीएवनसी चाचणीचा 4548-4. हा आकडा जोडला असेल तर मिरज, कराड, सातारा इथले रिपोर्ट एकाच आलेखात बसतात. रिपोर्टचा फोटो जोडला तर डॉक्टरांना वाचता येतो, आलेख मात्र त्यांनी हातानेच काढायचा. जिल्ह्याच्या बैठकांत आभा किती निघाले हे विचारतात. लॅबवाल्यांना संकेतांकाचं कुणी विचारलं तर बरं.